आकाशवाणीचा अंकीय आवाज आणि घरचा श्रोता

(सुरत येथील भेस्तान भागातील मराठी भाषक पालक, शिक्षक व कामगार बंधूंच्या मेळाव्यात एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भेस्तानच्या स्थानकावर उतरून येथवर चालत येताना कानांवर जी बोली पडली, ती माझ्या ओळखीची होती. उधना आणि सचीन यांच्यामधील हे लहानसे स्थानक. जवळच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत. यंत्रमागांचा खडखडाट अखंड चालू असतो, आणि त्यातून मधूनच अहिराणी ऐकू येते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून तापीच्या काठाकाठाने आलेल्या कुटुंबांनी येथे संसार उभे केले. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकली. अशा श्रोत्यांसमोर आकाशवाणीविषयी चार शब्द बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी आभारी आहे.

विषय तांत्रिक आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. त्यामुळे मला जे समजून घेण्यास कष्ट पडले, तेच मी आपल्यापुढे सोपे करून मांडणार आहे. अंकीय, म्हणजेच डिजिटल, रेडिओ घरातल्या श्रोत्यापर्यंत कसा पोहोचतो, त्याने घरात काय बदलते आणि आपण कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

नभोवाणीचा अर्धा भाग श्रोत्याच्या घरी

आरंभी एका जुन्या प्रयोगाची आठवण करून देतो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्या वेळच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. गावकरी ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. पुढे हीच कल्पना देशभर नेण्यात आली. या प्रयोगाचे खरे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रक्षेपण केंद्र उभारले म्हणजे नभोवाणीचा अर्धाच भाग सिद्ध होतो. उरलेला अर्धा भाग श्रोत्याच्या घरी, त्याच्या कोनाड्यातल्या संचात असतो. तो नसेल तर केंद्र बोलते आणि कोणी ऐकत नाही.

डिजिटल रेडिओच्या बाबतीत आज आपल्या देशात नेमकी हीच स्थिती आहे. पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी सिद्ध आहे, दुसरा अजून घराघरांत पोहोचावयाचा आहे.

जुना संच कसा बोलतो

आमच्या घरी कोनाड्यात एक रेडिओ असे आणि त्यावर आईने विणलेला रुमाल असे. बातम्यांची वेळ झाली की वडील हलक्या हाताने काटा फिरवीत. आधी खरखर, मग शिट्टी आणि मग निवेदकाचा आवाज. काटा केसभर सरकला की पुन्हा खरखर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच दृश्य असेल.

या संचाचे काम असे चाले. बोलणाऱ्याच्या आवाजाने हवेत कंपने उठतात. ध्वनिग्राहक त्यांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. प्रक्षेपण केंद्र एक बलवान वाहक लहर सोडते आणि आवाजाच्या चढउतारांप्रमाणे त्या लहरीची उंची कमीजास्त करते. घरातला संच ती उंची ओळखून पुन्हा आवाज निर्माण करतो. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणाची ही रीत. एफ.एम. प्रक्षेपणात लहरीच्या उंचीऐवजी तिच्या कंपनांची संख्या बदलते, म्हणून तेथे खरखर कमी असते. तथापि एफ.एम. लहरी फार दूर जात नाहीत. साधारणपणे मनोऱ्याभोवतीच्या काही दशके किलोमीटरांच्या परिसरात त्यांची धाव संपते. मध्यम लहरी जमिनीला धरून शेकडो किलोमीटर जातात आणि रात्री आकाशातून परावर्तित होऊन त्याहूनही लांब पोहोचतात.

मात्र मध्यम लहरींना एक दोष आहे. वीज चमकली, शेजारी मोटार सुरू झाली, यंत्रमाग चालू झाले किंवा हलक्या प्रतीचा एल.ई.डी. दिवा लागला, की त्यांच्या विजेच्या ठिणग्याही लहरीची उंची बदलतात. संचाला आवाजाचा चढउतार कोणता आणि ठिणगीचा कोणता, हे ओळखता येत नाही. तो दोन्ही ऐकवतो. यालाच आपण खरखर म्हणतो. भेस्तान-पांडेसऱ्यासारख्या कारखान्यांच्या परिसरात मध्यम लहरींवरील केंद्र स्वच्छ लागत नाही, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आवाजाचे आकडे

डिजिटल पद्धतीत आवाजाचा चढउतार लहरीवर थेट चढवीत नाहीत. आधी त्याचे आकडे करतात. तापाच्या रोग्याचा ताप परिचारिका ठरावीक वेळाने मोजून तक्त्यावर लिहिते, तसेच हे मोजमाप आहे. फक्त ते एका सेकंदात हजारो वेळा होते. ध्वनिमुद्रणाच्या तबकडीवर, ज्याला आपण सी.डी. म्हणतो, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप असते. प्रत्येक मोजमाप शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहितात. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचा आवाज धरला तर एका सेकंदाला चौदा लाखांहून अधिक चिन्हे होतात.

एवढा बोजा मध्यम लहरींवरील एका केंद्राच्या अरुंद वाटेतून जाऊ शकत नाही. तेथे सेकंदाला साधारण वीस हजार चिन्हांनाच जागा मिळते. म्हणून संकोचनाची क्रिया करावी लागते. ढोल जोरात वाजत असताना शेजारच्या माणसाची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कुजबुज पाठविण्याचे कारण काय? मानवी कानाला जे ऐकू येणारच नाही ते गाळायचे आणि उरलेले थोडक्या चिन्हांत मांडायचे, हे काम गणकयंत्र करते.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. वाटेत काही चिन्हे बिघडणार, हे गृहीत धरून व्यवस्था केलेली असते. किराणा दुकानदार यादीखाली बेरीज लिहितो. एखादा आकडा पुसट झाला तर बेरजेवरून तो शोधून काढता येतो. डिजिटल प्रक्षेपणातही मूळ चिन्हांसोबत अशी पडताळणीची चिन्हे पाठवितात, आणि संच त्यांच्या आधारे चुका स्वतः दुरुस्त करतो. शिवाय चिन्हांचा क्रम मुद्दाम विस्कटून पाठवितात. शिक्षकमित्रांना हे असे सांगता येईल. दहा धड्यांची पाने दहा विद्यार्थ्यांकडे द्यावयाची आहेत. एकेकाकडे एकेक धडा दिला आणि एक मुलगा गैरहजर राहिला, तर सबंध धडा बुडाला. परंतु प्रत्येकाकडे प्रत्येक धड्याचे थोडे थोडे दिले, तर एकाच्या गैरहजेरीने कोणताच धडा पुरता बुडत नाही. उणे राहिलेले भरून काढता येते.

ताण्याचे धागे

आता ही चिन्हे लहरींवर कशी चढवितात ते पाहू. आपण यंत्रमागावर काम करणारी मंडळी आहात, म्हणून आपल्याला हे समजण्यास अवघड जाऊ नये. एकच जाड दोर लावला आणि तो तुटला, तर काम थांबते. परंतु कापडाच्या ताण्यात शेकडो बारीक धागे शेजारी शेजारी असतात. त्यांतले दोनचार तुटले तरी पन्हा विसकटत नाही. डिजिटल प्रक्षेपणात एका जाड वाहक लहरीऐवजी अशाच शंभर-दोनशे बारीक वाहक लहरी एकमेकींना न गुंतता शेजारी शेजारी सोडतात आणि चिन्हे त्यांच्यावर वाटून देतात. प्रत्येक धाग्यावर थोडाच भार असतो. एखाद्या ठिणगीने दोनचार धागे खराब झाले, तरी पडताळणीच्या चिन्हांवरून आवाज पुरा करता येतो. म्हणून ऐकणाऱ्याला खरखर ऐकू येत नाही.

याचा अर्थ अडथळा नाहीसा झाला, असा मात्र नव्हे. धागे फारच तुटले तर संच दुरुस्ती करू शकत नाही आणि आवाज एकदम बंद पडतो. जुना रेडिओ खरखरत का होईना, काही तरी ऐकवीत असे. डिजिटल संच एक तर स्वच्छ बोलतो, नाही तर मुका होतो. ही उणीव सांगितल्यावाचून त्याचे गुण सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

घरात काय बदलते

पहिला बदल आवाजाचा. लांबच्या मध्यम लहरींच्या केंद्रावरूनही एफ.एम.शी तुलना करता येईल असा स्वच्छ आवाज येऊ शकतो. दुसरा बदल संख्येचा. काट्यावरच्या ज्या जागी आजवर एकच केंद्र लागे, तेथे एकाहून अधिक कार्यक्रम शेजारी शेजारी जाऊ शकतात. तिसरा बदल अक्षरांचा. आवाजाबरोबर मजकूरही येतो. संचाच्या पडद्यावर बातम्यांचे मथळे, हवामान आणि बाजारभाव देवनागरीतही दाखविण्याची सोय या पद्धतीत आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हा मोठाच आधार ठरेल. चौथा बदल प्रक्षेपण केंद्राच्या खर्चाचा. जुन्या पद्धतीत बरीचशी वीज निव्वळ वाहक लहर उभी ठेवण्यात जाते; ती येथे वाचते.

एक गमतीची गोष्टही सांगतो. आकाशवाणीचे ठोके ऐकून घड्याळ लावण्याची सवय असलेले वडीलधारे अजून आहेत. डिजिटल संचात चिन्हे जमवून, तपासून, उलगडून मग आवाज निघतो, आणि त्यात काही सेकंद जातात. तेव्हा दादांनी घड्याळ या संचावर लावू नये. ते तेवढे मागे पडेल.

आपल्या देशातील वाटचाल

जगात डिजिटल नभोवाणीच्या अनेक पद्धती आहेत. युरोपात डॅब ही पद्धत रुजली. नॉर्वेने तर २०१७ साली आपली राष्ट्रीय केंद्रे एफ.एम.वरून काढून संपूर्णपणे डॅबवर नेली. आकाशवाणीने डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंदियाल, या पद्धतीचा स्वीकार केला. मध्यम व लघुलहरींवर दूरवर जाणाऱ्या प्रक्षेपणाला ती सोयीची आहे, आणि आपल्यासारख्या खंडप्राय देशाला लांब पल्ल्याची निकड असते. मध्यम लहरींवरील ३५ प्रक्षेपकांना आकाशवाणीने डिजिटल यंत्रणेची जोड दिली. आपल्या गुजरातेतील राजकोट येथील प्रक्षेपक एक हजार किलोवॉट क्षमतेचा आहे. बहुतेक ठिकाणी सहक्षेपणाची रीत ठेवण्यात आली. एकाच प्रक्षेपकावरून जुना आवाज आणि डिजिटल आवाज शेजारी शेजारी जातात, म्हणजे जुना संच असणारा श्रोताही वंचित राहत नाही.

आता सुरतेविषयी. खासगी एफ.एम. केंद्रांसाठी डिजिटल नभोवाणीचे धोरण कसे असावे, याबाबत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. आरंभ १३ शहरांतून व्हावा, असे त्यात म्हटले आहे. त्या शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व नागपूर आहेत आणि गुजरातेतील अहमदाबाद व सुरत आहेत. एकाच कंप्रतेवर जुना एक कार्यक्रम, डिजिटल तीन कार्यक्रम आणि माहितीची एक वाहिनी अशी योजना त्यात सुचविली आहे. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे, हे आपण जाणताच.

तरीही येथे बसलेल्या पालकांनी या आकड्यांचा अर्थ लक्षात घ्यावा. आजवर शहरातील केंद्राकडे जागा एकच, म्हणून कार्यक्रम बहुसंख्य श्रोत्यांच्या भाषेत. त्यात अन्याय नाही, ती अडचण आहे. जागा एकाची चार झाली, तर त्यांतला काही वेळ या शहरातल्या मराठी, उडिया, तेलुगू बोलणाऱ्या घरांना मिळावा, अशी मागणी करण्यास आधार मिळतो. यंत्र भाषा देत नाही, केवळ जागा देते. त्या जागेवर आपली भाषा यावी यासाठी श्रोत्यांनीच योग्य ठिकाणी लेखी विनंती केली पाहिजे. पुण्याच्या त्या श्रोतृमंडळांनी नेमके हेच केले होते. ती केवळ ऐकत नसत, कळवीतही असत.

संच घेताना

आता माझ्या स्वतःच्या फसगतीची हकीगत. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी ‘डिजिटल’ असे ठसठशीत छापलेला रेडिओ विकत घेतला. घरी आणून पाहतो तो काट्याऐवजी पडद्यावर आकडे दिसत होते, एवढेच. आत यंत्र जुनेच होते. आकडे दाखविणारा रेडिओ आणि आकड्यांतून आवाज उलगडणारा रेडिओ, या दोन भिन्न वस्तू आहेत. संचावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात ‘डीआरएम’ असा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तो आकाशवाणीच्या या पद्धतीचा संच समजू नये. युरोपातून नातेवाइकांनी आणलेला डॅबचा संच येथे त्या कामी उपयोगी पडत नाही.

खरा संच अजून महाग आहे. साध्या ट्रान्झिस्टरच्या तुलनेत त्याची किंमत कित्येक पट आहे, आणि तो प्रत्येक दुकानात मिळतही नाही. अनेक नव्या मोटारगाड्यांत तो बसविलेला असतो, घरात मात्र क्वचित दिसतो. म्हणून उसनवारी करून संच घ्या, असे मी मुळीच सांगणार नाही. घेण्यापूर्वी आपल्या खोलीत कोणते केंद्र, किती वाजता, कसे लागते याची प्रत्यक्ष खात्री करावी. प्रक्षेपणाच्या वेळा बदलत असतात. मुंबई येथून लोहमार्गाने अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दिवसा लागलेले केंद्र रात्री बंद पडणेही शक्य आहे.

ज्यांच्याकडे संच आहे त्यांनी तो खिडकीजवळ ठेवावा. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी सळ्यांच्या भिंती लहरींना अडवितात. मोबाईलचा चार्जर, एल.ई.डी. दिवा, दूरदर्शन संच यांपासून तो दूर असावा. मध्यम लहरींसाठी संच स्वतःभोवती थोडा थोडा फिरवून पाहावा, कारण त्याच्या आतला आकाशक दिशेप्रमाणे कमीजास्त लहरी घेतो.

ज्यांना संच परवडत नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. दूरदर्शनच्या डी.डी. फ्री डिश या मासिक शुल्क नसलेल्या उपग्रह सेवेवर चित्रवाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याही ऐकावयास मिळतात. आकाशवाणीच्या मोबाईल अॅपवरही नाना भाषांतली केंद्रे लागतात. तथापि फ्री डिशला वीज लागते आणि मोबाईलला मनोरा व इंटरनेट लागते. हा भेद आपण विसरू नये. का, ते सांगून मी संपवितो.

पाणी चढते तेव्हा

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस काढले आहेत. वीज नव्हती. दूरध्वनी मुके झाले होते. पाणी किती चढणार, कोठे जावे, हे वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला कोणी सांगावे? त्याआधी सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून गेली, तेव्हाही खरी बातमी कोणती आणि कंडी कोणती हे कळेनासे झाले होते. संकटात माणसाला अन्नपाण्याइतकीच विश्वासाच्या शब्दाची गरज असते.

नभोवाणीचे बळ येथे आहे. पूर या शहरात असेल, पण बोलणारे केंद्र शेकडो किलोमीटर दूर कोरड्या जमिनीवर असते. ऐकण्यासाठी वीज नको, मनोरा नको; हातातला संच आणि दोन सेल पुरतात. एका वेळी दहा माणसांनी ऐकले काय आणि दहा लाखांनी ऐकले काय, लहर अपुरी पडत नाही. डीआरएम पद्धतीत याशिवाय संकटसूचनेची खास योजना आहे. केंद्राने इशारा दिला की, ही सोय असलेला आणि चालू ठेवलेला संच दुसरे काही ऐकत असला तरी आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जातो आणि पडद्यावर सूचना अनेक भाषांत वाचता येते. गुजराती न वाचू शकणाऱ्या आजीला ती मराठीत वाचता आली, तर त्या एका ओळीचे मोल काय असेल, ते मी सांगावयास नको.

मात्र डिजिटल संचाला जुन्या ट्रान्झिस्टरपेक्षा सेल अधिक लागतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी नव्या सेलांची जोडी घरात बाजूला ठेवावी. आणि जुना रेडिओ भंगारात देऊ नये. जोवर सहक्षेपण चालू आहे तोवर तोही आपला राखणदार आहे.

शासकीय अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे की, शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी निदान एक डीआरएम संच असावा, यासाठी आपण प्रयत्न करावा. शिक्षकांनी जुना रेडिओ मुलांना उघडून दाखवावा आणि दोन्ही पद्धतींतला भेद समजावून सांगावा. पालकांनी एवढेच करावे: या रविवारी कोनाड्यातला रेडिओ खाली काढावा, धूळ पुसावी, सेल घालावेत आणि आपली भाषा बोलणारे एखादे केंद्र लागते का ते पाहावे. लागले तर त्याची कंप्रता व वेळ एका कागदावर लिहून तो कागद भिंतीला लावावा. महापुराच्या रात्री काटा फिरवीत बसण्यास वेळ नसतो.

केंद्रे आपल्या परीने बोलत आहेत. ऐकणारे घर तयार ठेवणे, हे आपले काम आहे.

जय हिंद!